बंद पडलेला संगणक आणि फुगलेली धारित्रे

सर्व शिक्षा अभियानाच्या काळात, म्हणजे २००१ नंतरच्या वर्षांत, उच्च प्राथमिक वर्गांसाठी संगणकाच्या साहाय्याने अध्ययन ही योजना आली. तिच्यामुळे, आणि काही ठिकाणी गावकऱ्यांच्या देणगीमुळे, खेड्यांतील पुष्कळ शाळांत संगणक पोहोचले. पहिली काही वर्षे त्यांचे मोठे कौतुक झाले. पुढे केव्हातरी कळ दाबूनही पडदा उजळेनासा झाला. एक-दोनदा तालुक्याच्या गावचा कारागीर येऊन गेला. मग त्या यंत्रावर कापड पडले, कापडावर जुने तक्ते रचले गेले आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याच्यापुढे ‘बंद’ असा शेरा उमटला. अकोला, अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी, मूर्तिजापूर यांपैकी कोणत्याही तालुक्यातील शिक्षकाला हे चित्र अपरिचित वाटणार नाही.

परंतु ‘बंद’ हा केवळ शेरा आहे. ते निदान नव्हे. मुलगा शाळेत येत नाही एवढे लिहून शिक्षकाचे काम संपत नाही. तो का येत नाही हे पाहावे लागते. यंत्राचेही तसेच आहे. त्या काळच्या अनेक संगणकांत बिघाड सबंध यंत्राचा नसून, मदरबोर्डवरील काही रुपये किमतीच्या एका लहान घटकाचा असतो. त्या घटकास धारित्र म्हणतात. बाजारात त्याला कपॅसिटर या नावाने ओळखतात. धारित्र काय करते, ते का निकामी होते, ते ओळखावे कसे आणि बदलावे कसे, याचा विचार येथे केला आहे.

१. धारित्राचे कार्य

विजेचे पंप येण्यापूर्वी वऱ्हाडातील मळ्यांना मोटेने पाणी दिले जात असे. मोट भरून वर येई, थारोळ्यात रिकामी होई, आणि बैल मागे सरकत तोवर पुन्हा खाली जाई. म्हणजे विहिरीतून येणारे पाणी हिसक्याहिसक्याने येई. तरीही पाटातून पिकाकडे जाणारी धार खंडत नसे. मोट खाली गेलेली असताना थारोळ्यात साठलेले पाणी पाटाला पुरत असे. थारोळे गाळाने भरले किंवा त्याला भेग पडली, तर मोट चांगली, बैल धट्टेकट्टे आणि विहिरीला पाणी मुबलक असूनही पाट तुटक वाहू लागे.

मदरबोर्डवर धारित्र हे थारोळ्याचे काम करते. संगणकाच्या वीजपुरवठा पेटीतून मदरबोर्डला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट दाबाची वीज मिळते. संगणकाचा मेंदू जो प्रोसेसर, त्याला मात्र १.५ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही कमी दाब लागतो. म्हणून प्रोसेसरच्या शेजारी असलेले मंडल १२ व्होल्टचा प्रवाह एका सेकंदात लाखो वेळा चालू-बंद करून त्याचा सरासरी दाब खाली आणते. हे चालू-बंद होणे म्हणजेच मोटेचे खाली-वर होणे. त्यातून निघणारी वीज हिसक्यांची असते. ती सपाट करून प्रोसेसरला अखंड देणे हे तेथील धारित्रांचे काम आहे.

हे काम हलके नाही. २००३-०४ च्या सुमारास आलेले काही प्रोसेसर पूर्ण भाराखाली ५० अँपिअरहून अधिक प्रवाह घेत, आणि ही मागणी क्षणार्धात कमी-जास्त होई. यामुळे धारित्राच्या अंगी दोन गुण असावे लागतात. पहिला, पुरेशी साठवण. ती मायक्रोफॅरड या एककात मोजतात आणि धारित्राच्या अंगावर छापलेली असते. दुसरा, साठवलेली वीज झटकन देण्याची शक्ती. थारोळे मोठे असूनही त्याचे तोंड अरुंद असेल तर पाटाला पाणी वेळेवर मिळत नाही. धारित्राच्या या अरुंदपणाला त्याचा अंतर्गत रोध म्हणतात. बाजारात त्याला ‘ई. एस. आर.’ असे संक्षेपाने म्हणतात. प्रोसेसरजवळील धारित्रांचा हा रोध फार अल्प असावा लागतो. दुरुस्तीत पुष्कळदा या दुसऱ्या गुणाकडेच दुर्लक्ष होते. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

२. ते फुगते कशामुळे?

मदरबोर्डवर उभे असलेले, लहान डब्यासारखे दिसणारे धारित्र उघडले असता आत ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये कागद, अशी गुंडाळी आढळते. कागद एका विद्युत्वाहक द्रवात भिजवलेला असतो. एका पट्टीवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर मुद्दाम चढवलेला असतो. हा थर विजेला अडवतो, आणि तो इतका पातळ असल्यामुळेच एवढ्याशा डबीत एवढी वीज साठू शकते. थराला कोठे बारीक इजा झाली तर द्रवाच्या साहाय्याने ती भरून निघते.

अंतर्गत रोध कमी ठेवण्यासाठी या द्रवात पाण्याचे प्रमाण वाढवतात. परंतु पाणी आणि ॲल्युमिनियम यांची एकमेकांवर रासायनिक क्रिया होते. तीतून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड तयार होते आणि हायड्रोजन वायू सुटतो. ही क्रिया रोखणारी द्रव्ये योग्य प्रमाणात मिसळलेली असतील तर धारित्र वर्षानुवर्षे टिकते. ती नसतील किंवा अपुरी असतील तर आत वायू साठत जातो. त्याचा दाब असह्य झाला की डबी फुटू नये म्हणून तिच्या डोक्यावर अधिक चिन्हासारख्या किंवा इंग्रजी ‘के’ अक्षरासारख्या खाचा पाडलेल्या असतात. डोके प्रथम फुगते, मग खाचेवर उकलते आणि तपकिरी द्रव बाहेर येतो. काही वेळा वरचे डोके सपाट राहते आणि बुडाचे रबरी बूच बाहेर ढकलले जाते. अशा वेळी धारित्र किंचित वाकडे उभे असलेले दिसते.

३. एका सदोष पिढीची हकीकत

हा बिघाड एखाद्या गावापुरता किंवा एखाद्या यंत्रापुरता नव्हता. साधारणतः १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या असंख्य मदरबोर्डांवर जगभर हाच दोष दिसून आला. २००२-०३ मध्ये त्याची जाहीर चर्चा सुरू झाली. तैवानमधील काही कारखान्यांनी बनवलेल्या धारित्रांकडे बोट दाखवले गेले. द्रवाचे सूत्र चोरून नेताना ते अपुरे नेले गेले, अशीही कथा वृत्तपत्रांतून आली. परंतु ती निर्विवादपणे सिद्ध झाली नाही. संशोधकांनी निकामी धारित्रांतील द्रव तपासला तेव्हा ॲल्युमिनियमचे रक्षण करणारी द्रव्ये त्यात नसल्याचे किंवा अपुरी असल्याचे आढळले. या दोषापायी मोठमोठ्या कंपन्यांनाही भुर्दंड सोसावा लागला. डेल या अमेरिकन कंपनीने २००५ साली आपल्या एका मालिकेतील संगणकांचे मदरबोर्ड बदलून देण्यासाठी सुमारे ३० कोटी डॉलरची तरतूद केली. ॲपल कंपनीनेही त्याच सुमारास आपल्या काही संगणकांसाठी मुदतीनंतरची मोफत दुरुस्ती जाहीर केली.

विदेशातील मोठ्या ग्राहकांना अशी बदली मिळाली. खेड्यातील शाळेपर्यंत मात्र ही वार्ताही पोहोचली नाही. तेथे यंत्र बंद पडले तेव्हा दोष कधी विजेला दिला गेला, कधी उंदरांना, आणि पुष्कळदा ते हाताळणाऱ्या शिक्षकाला किंवा मुलांना. ‘बिघडेल’ या धास्तीने इतर संगणकही कुलपात गेले. जो दोष कारखान्यातून निघतानाच डबीत होता, त्याचा ठपका वापरणाऱ्यावर आला. खरे निदान केल्याने नुसते यंत्रच दुरुस्त होत नाही, तर असा अकारण ठपकाही दूर होतो, हे या प्रकरणात विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे.

४. वऱ्हाडचा उन्हाळा आणि धारित्राचे आयुष्य

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. तेव्हा संगणक उन्हाळ्यानेच गेले, असे म्हणण्याकडे साहजिक कल होतो. हे म्हणणे कितपत खरे आहे ते हिशेबाने पाहता येते.

चांगल्या धारित्रावर ‘१०५ अंश’ असे छापलेले असते आणि त्या तापमानात ते निदान २,००० तास टिकावे अशी हमी पुष्कळ प्रकारांना असते. तापमान दर १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ९५ अंशांवर ४,००० तास, ८५ वर ८,०००, ७५ वर १६,०००, ६५ वर ३२,००० आणि ५५ वर ६४,००० तास. खोलीत ४५ अंश असताना पेटीच्या आत, धारित्राजवळ ६५ अंश होतात असे धरू. उच्च प्राथमिक वर्गांसाठी वर्षाला २२० कामाचे दिवस असतात. रोज ५ तास संगणक चालला तर वर्षाला १,१०० तास होतात. ३२,००० ला १,१०० ने भागले असता सुमारे २९ वर्षे येतात. आणि एवढी उष्णता तर वर्षातून काही आठवडेच असते.

तात्पर्य, केवळ उन्हाळ्याने चांगले धारित्र तीन-चार वर्षांत फुगत नाही. ते तसे फुगले असेल तर दोष मुळातच द्रवात होता; उष्णतेने त्याला घाई केली एवढेच. पंखा धुळीने अडकला किंवा पेटीची जाळी भिंतीला चिकटली तर मात्र आतले तापमान बरेच वाढते आणि वरच्या हिशेबाप्रमाणे दर १० अंशांमागे आयुष्य निम्मे होते. म्हणून उन्हाळा आपल्या हाती नसला तरी पंखा आणि जाळी साफ ठेवणे आपल्या हाती आहे. कपाशीच्या हंगामात हवेत तंतू उडतात; त्या भागातील शाळांनी याकडे अधिक लक्ष द्यावे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे जूनच्या अखेरीकडे उघडतात. तोवर यंत्र तापलेल्या खोलीत पडून असते. दीर्घ काळ वीज न मिळाल्यास धारित्रातील ऑक्साइडचा थरही दुबळा होतो. यासाठी सुटीतही, शक्य असेल तेथे, महिन्यातून एकदा सकाळच्या गारव्यात अर्धा-पाऊण तास संगणक चालवावा.

५. निदानाचा क्रम

धारित्रांचा दोष पुष्कळ यंत्रांत असतो याचा अर्थ प्रत्येक यंत्रात तोच असतो असा नव्हे. सोप्या कारणांकडून अवघड कारणांकडे जावे. क्रम असा ठेवावा:

(अ) भिंतीवरील जोडणी, वायर आणि कळ प्रथम पाहावी. त्याच जोडणीवर दुसरे उपकरण चालवून खात्री करावी.

(आ) वायर काढून घ्यावी व त्यानंतर संगणकाची कळ काही वेळ दाबून धरावी, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. मग पेटीचे एका बाजूचे पान उघडावे. आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. त्यामुळे अंगावरील स्थितिक वीज निघून जाते.

(इ) कोरड्या, मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. ओले फडके कधीही वापरू नये. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण तेथील पाणी वाळल्यावर मागे राहणारे क्षार दमट हवेत विजेला वाट करून देतात.

(ई) स्मृतिपट्टी, म्हणजे रॅम, खाचेतून काढून तिची सोनेरी कड स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसावी आणि पुन्हा नीट बसवावी. मेला असे समजलेला संगणक एवढ्यानेच जागा झाला, असा अनुभव दुर्मीळ नाही.

(उ) तारीख व वेळ दरवेळी चुकत असेल तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा सेल बदलावा.

(ऊ) शक्य असल्यास दुसऱ्या चालू संगणकाची तशीच वीजपुरवठा पेटी जोडून पाहावी. मात्र वीजपुरवठा पेटी स्वतः केव्हाही उघडू नये. तिच्यातील मोठ्या धारित्रात ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि वायर काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. तो प्राणघातक आहे.

(ए) एवढे झाल्यावर मदरबोर्डवरील धारित्रे उजेडात, तिरप्या नजरेने पाहावीत. प्रोसेसर व रॅम यांच्या जवळची विशेष पाहावीत. निरोगी धारित्राचे डोके तळहातासारखे सपाट असते. फुगवटा, उकललेली खाच, तपकिरी डाग, वाकडे उभे राहणे, यांपैकी एक खूण दिसली तरी ते धारित्र निकामी समजावे.

दृश्य खुणा नसतानाही पुढील लक्षणांवरून संशय घ्यावा: सकाळी तीन-चार प्रयत्नांनंतर सुरू होणे, तापल्यावर आपोआप पुन्हा सुरू होणे, काम चालू असता पडदा गोठणे. काही धारित्रे न फुगता आतून सुकतात. मदरबोर्डवर असतानाच मल्टिमीटरने साठवण मोजून त्यांची परीक्षा होत नाही, कारण अनेक धारित्रे एकमेकांना समांतर जोडलेली असतात. त्यासाठी अंतर्गत रोध मोजणारे वेगळे मापक लागते.

ज्या मदरबोर्डवरील धारित्रांच्या डोक्यावर खाचा नसतात व तेथे रंगीत पट्टा असतो, त्यांत बहुधा द्रवाऐवजी घन पदार्थ असतो. २००७ नंतर अशी धारित्रे मोठ्या प्रमाणावर वापरात आली. ती क्वचितच निकामी होतात. तेथे दोष अन्यत्र शोधावा.

६. बदलण्याची रीत

हे काम डाख देण्याचा सराव असणाऱ्यानेच करावे. शिक्षकाला तो सराव नसेल तर गावातील दूरदर्शन दुरुस्त करणारा कारागीर किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला तरुण यांचे साहाय्य घ्यावे. परंतु काय आणावयाचे आणि काय पाहावयाचे हे शिक्षकाला ठाऊक असावे. तसे असले तर काम चोख होते आणि पैसाही वाया जात नाही.

प्रथम नोंद. जुने धारित्र काढण्यापूर्वी मदरबोर्डचे चित्र काढावे किंवा भ्रमणध्वनीवर छायाचित्र घ्यावे. प्रत्येक धारित्राची साठवण, दाब, जागा आणि ऋण बाजू लिहून ठेवावी. धारित्राच्या अंगावरील पट्टा ऋण बाजू दाखवतो. मदरबोर्डवर छापलेल्या वर्तुळाचा रंगवलेला अर्धा भाग सामान्यतः ऋण असतो, पण काही उत्पादकांनी ही खूण उलट वापरली आहे. तेव्हा छापील खुणेपेक्षा स्वतःच्या नोंदीवर विसंबावे. धारित्र उलटे बसले तर ते फुटते.

दुसरी गोष्ट निवड. नव्या धारित्राची साठवण जुन्याइतकीच असावी. दाबाचा आकडा तेवढाच किंवा अधिक चालतो. कमी चालत नाही. उदाहरणार्थ, ३,३०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट याच्या जागी ३,३०० मायक्रोफॅरड, १० व्होल्ट चालेल, मात्र ते जागेत मावले पाहिजे. ८ मिलिमीटर व्यासाच्या धारित्राचे पाय बहुधा ३.५ मिलिमीटर अंतरावर आणि १० मिलिमीटर व्यासाच्याचे ५ मिलिमीटर अंतरावर असतात. उष्णतामर्यादा १०५ अंशांची असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंतर्गत रोध अल्प असलेला प्रकारच मागावा. आकडे जुळतात म्हणून दुकानदाराने दिलेले साधे धारित्र बसवले तर संगणक सुरू होतो, मदतीचे आभार मानले जातात, आणि थोड्याच दिवसांत तेच धारित्र पुन्हा फुगते. आकडा तोच, पण थारोळ्याचे तोंड अरुंद, असा हा प्रकार होय. जुन्या, फेकलेल्या बोर्डावरून काढलेली धारित्रेही वापरू नयेत. एकाच जातीची जितकी धारित्रे असतील तितकी सर्व एकदम बदलावीत. एक फुगले असेल तर त्याची भावंडे त्याच वाटेवर असतात.

तिसरी गोष्ट काढणे. मदरबोर्ड अनेक थरांचा असतो आणि त्यातील तांब्याचे थर उष्णता शोषून घेतात. रेडिओसाठी वापरतात ते २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न येथे अपुरे पडते. ६० वॉट किंवा अधिक शक्तीचे, शक्यतो तापमान ठरवता येणारे घ्यावे. २००६ नंतरच्या बऱ्याच बोर्डांवरील डाख शिशाविना असतो आणि तो सुमारे २१७ अंशांवर वितळतो. शिशाचा जुना डाख १८३ अंशांवर वितळतो. जुन्या सांध्यावर थोडा नवा शिशाचा डाख व राळ लावली असता तो लवकर मऊ होतो. मग एक पाय तापवून धारित्र किंचित कलते करावे, नंतर दुसरा पाय तापवून उलट बाजूस कलते करावे. अशा रीतीने ते हळूहळू बाहेर येते. ओढाताण करू नये. छिद्राच्या आत तांब्याचा नाजूक अस्तर असतो. तो उपटला गेला तर बोर्ड कायमचा जातो. छिद्र मोकळे करण्यासाठी डाख ओढण्याची पिचकारी किंवा तांब्याची विणलेली पट्टी वापरावी.

चौथी गोष्ट बसवणे. सांडलेला द्रव आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावा. नवे धारित्र नोंदीप्रमाणे, ऋण बाजू तपासून बोर्डाला टेकवून बसवावे. डाख चकचकीत व शंकूच्या आकाराचा बसला पाहिजे. पाय कापून, शेजारच्या दोन सांध्यांमध्ये डाखाचा पूल झालेला नाही ना, हे भिंगाने पाहावे. ज्याला सराव कमी आहे त्याने प्रथम एखाद्या टाकाऊ बोर्डावर दहा-वीस धारित्रे काढून व बसवून हात बसवावा.

शेवटी परीक्षा. प्रारंभी हार्ड डिस्क न जोडता यंत्र सुरू करावे. पडद्यावर अक्षरे उमटली की बंद करून सर्व भाग जोडावेत आणि दोन तास चालवून पाहावे. या वेळी पेटीपासून थोडे दूर राहावे. चुकून उलटे बसलेले धारित्र याच वेळी फुटते.

डाखाचा धूर श्वासात जाऊ नये म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात, डोळ्यांवर चष्मा असावा, काम झाल्यावर आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. शिसे विषारी आहे. हे काम चालू असताना मुलांना खोलीत घेऊ नये.

७. परवानगी, नोंद आणि मर्यादा

शाळेचा संगणक ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती उघडण्यापूर्वी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडावा. यंत्राची हमी किंवा देखभालीचा करार शिल्लक नाही याची खात्री करावी. कोणता दोष आढळला, कोणते भाग किती किमतीचे आणले, काम कोणी केले आणि परिणाम काय झाला, याची टिपण ठेवावी. असे टिपण असले म्हणजे प्रयत्न फसला तरी शिक्षकावर दोष येत नाही; आणि यश आले तर पुढच्या शिक्षकाला वाट सापडते.

प्रत्येक यंत्र वाचवलेच पाहिजे असा हट्टही नसावा. बोर्ड जळून काळा पडला असेल, तांब्याच्या रेषा उपटल्या असतील, किंवा धारित्रे बदलूनही यंत्र जागे होत नसेल, तर तेथे थांबावे आणि रीतसर निर्लेखनाचा प्रस्ताव करावा. असे यंत्र भंगारवाल्याला देऊ नये. उघड्यावर जाळून तांबे काढण्याने विषारी धूर होतो. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आहेत. त्यांना अनुसरून नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच ते जावे.

दुरुस्त झालेल्या जुन्या यंत्राकडून अपेक्षाही बेताची ठेवावी. विंडोज एक्स-पी या प्रणालीला मिळणारे संरक्षण ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. म्हणून असे यंत्र आंतरजालास जोडू नये आणि युडायस किंवा शालार्थ यांसारखी कार्यालयीन कामे त्यावर करू नयेत. परंतु मराठी टंकलेखनाचा सराव, चित्रे काढणे, गणिताचे खेळ, हजेरीचे तक्ते व आलेख यांसाठी ते पुरेसे आहे. ज्या वर्गात चाळीस मुले एका संगणकाभोवती गर्दी करतात, तेथे आणखी एक यंत्र जागे होणे म्हणजे पाठीमागच्या वीस मुलांच्या बोटांना कळफलक मिळणे होय.

८. वर्गातील उपयोग

बोर्डवरून काढलेले, कोरडे झालेले फुगलेले धारित्र पारदर्शक पिशवीत बंद करून त्याशेजारी एक चांगले धारित्र ठेवावे आणि मुलांना फरक शोधावयास सांगावे. पिशवी उघडू देऊ नये.

धारित्र वीज साठवते हे दाखवण्यासाठी पुढील प्रयोग निर्धोक आहे. १.५ व्होल्टचे ४ सेल ओळीने जोडावेत. ४,७०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचे नवे धारित्र, १,००० ओहमचा रोधक आणि एक लहान लाल एल.ई.डी. घ्यावा. एल.ई.डी. व रोधक एकापुढे एक जोडून ती जोडी धारित्राच्या दोन टोकांना लावावी. मग सेलचे धन टोक धारित्राच्या धन पायाला व ऋण टोक ऋण पायाला लावावे. दिवा लागेल. सेल बाजूला केल्यावर साध्या मंडलात दिवा तत्काळ विझतो; येथे तो विझण्यास काही सेकंद घेतो आणि मंद मंद होत जातो. ‘सेल काढला, तर आता वीज आली कोठून?’ हा प्रश्न मुलांकडूनच यावा. त्यानंतर मोट आणि थारोळे यांची गोष्ट सांगावी. गावातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्याने मोट हाकलेली असेल, तर ती त्यांच्याकडूनच ऐकवावी.

सातवीच्या वर्गात तापमान आणि आयुष्य यांचा वरील हिशेब फळ्यावर मांडता येईल. दर १० अंशांना दुप्पट या एका नियमातून घातांक, कोष्टक आणि आलेख हे तिन्ही विषय निघतात, आणि उत्तराचा संबंध शाळेतील प्रत्यक्ष वस्तूशी जुळतो.

येत्या सुटीपूर्वी प्रत्येक शाळेने आपल्या जडवस्तू संग्रह नोंदवहीतील ‘बंद’ असा शेरा असलेली यंत्रे एकदा उघडून पाहावीत, आणि त्या शेऱ्यापुढे बिघाडाचे कारणही लिहावे. काही यंत्रे जागी होतील. काही होणार नाहीत. परंतु मोडलेल्या वस्तूपुढे ‘हे का झाले?’ असा प्रश्न विचारणारा शिक्षक मुलांनी पाहिला, तर ती सवय त्यांच्याही अंगी येईल.